हिवरखेडच्या गच्चीवर विंडोजच कशाला?

‘दुर्बिणीला कॅमेरा लावायचा असेल तर लिनक्सच्या भानगडीत पडू नका. विंडोजचा चांगला लॅपटॉप घ्या, नाहीतर सरळ कंपनीचा तयार कंट्रोलर घ्या.’ आकाशाचे फोटो काढायची हौस लागलेल्या नवख्याला हा सल्ला हमखास मिळतो. दुकानदार देतो, पुण्या-मुंबईच्या शिबिरांतून आलेले अनुभवी लोक देतात, आणि आमच्याकडं तर संगणक दुरुस्त करणाराही देतो: ‘कायले त्या लिनक्सच्या नादी लागता राजेहो!’ यातल्या कुणाचाही हेतू वाईट नसतो. सल्ला मात्र चुकीचा आहे. हिवरखेडसारख्या गावात राहून हा छंद करणाऱ्याला तो महागात पडतो, आणि तो ज्या कारणांवर उभा आहे त्यांतली बहुतेक केव्हाच जुनी झाली आहेत.

आधी गावाबद्दल. वऱ्हाडात हिवरखेड नावाची गावं एकाहून जास्त आहेत, त्यांतलं एक मोर्शी तालुक्यातलं, एक तेल्हारा तालुक्यातलं. मी बोलतोय ते तेल्हाऱ्याकडचं. उत्तरेला सातपुडा आणि मेळघाटचं जंगल, त्यामुळं त्या अंगाला मोठ्या शहराचा उजेड नाही. अक्षांश साधारण २१, म्हणजे ध्रुवतारा क्षितिजापासून २१ अंशांवर, डोंगराच्या रेघेच्या बराच वर. मे महिन्याच्या मध्याला रात्री दहा-साडेदहाला दक्षिणेकडं जवळजवळ तेवढ्याच उंचीवर ओमेगा सेंटॉरी हा तारकागुच्छ येतो. उत्तर युरोपातल्या हौशी माणसाकडं कितीही भारी दुर्बीण असली तरी त्याला तो घरून दिसत नाही. आकाश आमच्याकडं आहे. शहरी सल्ल्यानं जे गृहीत धरलेलं असतं ते नाही: नवा लॅपटॉप, खंड न पडणारी वीज, भरवशाचं इंटरनेट, आणि बिघाड झाला तर संध्याकाळपर्यंत पोचता येईल असं सेवाकेंद्र.

या छंदात संगणक कशाला लागतो हे ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. तेजोमेघाचा फोटो एका क्लिकमध्ये येत नाही. दोन-तीन मिनिटांची एकेक चौकट, अशा पन्नास-शंभर चौकटी काढून एकावर एक रचाव्या लागतात. तेवढ्या वेळात पृथ्वी फिरत असते, आकाश सेकंदाला १५ विकलांनी सरकतं. मोटरवर चालणारं माउंट त्याचा पाठलाग करतं, पण त्याच्या दातेरी चाकांत खोट असतेच. म्हणून शेजारी छोटी दुर्बीण आणि छोटा गाइड कॅमेरा लावतात. तो दर एक-दोन सेकंदांनी एकच तारा तपासतो आणि तारा हलला की माउंटला बारीक दुरुस्ती कळवतो. शिवाय फोकस फिरवणारी मोटर, फिल्टरचं चाक, मुख्य कॅमेरा. ही चार-पाच उपकरणं एकमेकांशी बोलती ठेवणं हे संगणकाचं काम.

आता मुख्य आक्षेप: ‘या उपकरणांचे ड्रायव्हर लिनक्ससाठी नसतात.’ एके काळी हे खरं होतं. १९९० च्या दशकाच्या अखेरीस अ‍ॅस्कॉम ही व्यवस्था आली, आणि तिनं हौशी खगोलशास्त्राचं फार भलं केलं, कारण त्याआधी प्रत्येक उपकरणाची भाषा निराळी होती. पण ती उभी राहिली मायक्रोसॉफ्टच्या कॉम तंत्रज्ञानावर. साहजिकच पुढची अनेक वर्षं दुर्बिणीचं सामान म्हणजे विंडोज, हे समीकरण पक्कं झालं. सल्ला देणारे बहुतेक जण त्या काळात घडले आहेत.

दरम्यान दुसरीकडं इंडी नावाची व्यवस्था वाढत होती. एलवूड डाउनी यांनी तिची सुरुवात केली आणि जसेम मुतलक यांनी ती आजच्या रूपाला आणली. तिची रचना पहिल्यापासून वेगळी आहे: उपकरणाजवळ एक सर्व्हर, आणि त्याच्याशी नेटवर्कवरून साध्या मजकुराच्या भाषेत बोलणारा कोणताही प्रोग्राम. दुर्बीण गच्चीवर, माणूस खाली खोलीत, मधे घरातलं वायफाय. इंटरनेट लागतच नाही. आज इंडीकडं शेकडो उपकरणांचे ड्रायव्हर आहेत. केस्टार्स आणि त्यातलं एकॉस माउंट, कॅमेरा, फोकसर, फिल्टरचाक सगळं एका खिडकीत आणतं. गाइडिंगसाठी जगभर वापरलं जाणारं पीएचडी-२ लिनक्सवर चालतं. फोटोतल्या ताऱ्यांवरून दुर्बीण नेमकी कुठं रोखली आहे हे सांगणारं अ‍ॅस्ट्रोमेट्री-डॉट-नेट मुळात लिनक्सवरच वाढलं. चौकटी रचायला सिरिल आहे, फुकट. पैसे देऊन घ्यायचं पिक्सइन्साइट, ज्याचं नाव हे सल्ला देणारेच आदरानं घेतात, तेही लिनक्सवर चालतं.

आणि अ‍ॅस्कॉमवाल्यांनी स्वतः पुढं काय केलं? अल्पाका काढलं. म्हणजे त्याच आज्ञा, पण नेटवर्कवरून, कोणत्याही प्रणालीवर चालतील अशा. ज्यांच्या नावावर विंडोजची सक्ती सांगितली जाते त्यांनीच ती सोडली. सल्लागारांपर्यंत ही बातमी अजून पोचायची आहे.

काही जण आणखी पुढं जाऊन म्हणतात, ‘लिनक्स प्रोग्रामरांसाठी ठीक, खगोलाचं गंभीर काम विंडोजवरच.’ याला उत्तर द्यायला महाराष्ट्राच्या बाहेर जावं लागत नाही. नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी आहे, ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना. त्या अँटेनांचे संकेत एकत्र करणारी जी सॉफ्टवेअर-आधारित यंत्रणा तिथं उभारली, ती लिनक्सच्या संगणकांवर. रेडिओ खगोलशास्त्राची विदा ज्या कासा या पॅकेजमध्ये तपासतात ते लिनक्स आणि मॅकवर चालतं, विंडोजसाठी ते काढलेलंच नाही. मराठवाड्यात औंढा नागनाथला लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभी राहतेय, २०२३ मध्ये केंद्रानं तिला मंजुरी दिली. लायगोचं विश्लेषणही लिनक्सवरच होतं. नोव्हेंबर २०१७ पासून जगातले सर्वांत वेगवान ५०० महासंगणक तर एकजात लिनक्सवर आहेत. म्हणजे आमच्या गावचं एखादं पोरगं उद्या पुण्याच्या आयुका या खगोलसंस्थेत किंवा खोडदला गेलं तर पहिल्या दिवशी त्याच्यापुढं लिनक्सच येणार, आणि आपण त्याला नववीत सांगतोय की बाबा, या भानगडीत पडू नकोस.

‘पण विंडोजमध्ये केबल जोडली की चालते.’ हे ऐकलं की मला २०१४ आठवतं. माउंटला संगणक जोडणाऱ्या केबलीत एक छोटी चिप असते, यूएसबीचं जुन्या सीरियल भाषेत रूपांतर करणारी. एफटीडीआय कंपनीच्या चिपच्या नकला बाजारात फार झाल्या होत्या. त्या वर्षी विंडोज अपडेटमधून कंपनीचा नवा ड्रायव्हर आला आणि त्यानं नकली चिपची ओळखच पुसून शून्य करून टाकली. काल चालणारी केबल आज मेली. ओरड झाल्यावर तो ड्रायव्हर मागं घेतला गेला. प्रोलिफिक या दुसऱ्या कंपनीच्या नव्या विंडोज ड्रायव्हरनं तर नकलांबरोबर स्वतःच्याच जुन्या चिपनाही नकार दिला. डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळी खूण येते आणि ‘ही चिप २०१२ पासून बंद झाली, विक्रेत्याशी संपर्क साधा’ अशा अर्थाचा संदेश. लिनक्समध्ये त्याच जुन्या चिप आजही चालतात. दुर्बिणीच्या हँडसेटच्या स्वस्त केबलीत याच चिप असतात, आणि आपण घेतो त्या केबली स्वस्तच असतात. नकली माल विकणं वाईट, यात वाद नाही. पण शिक्षा झाली ती विकणाऱ्याला की अकोल्याहून केबल आणणाऱ्याला?

एवढं बोलून लिनक्सवर सगळं आलबेल आहे असं मी म्हणणार नाही. तसं सांगणारे लोकही मी पाहिलेत आणि त्यांच्यामुळं या बाजूचं जास्त नुकसान झालंय. त्रास खरा आहे. फक्त तो कुठं आहे आणि किती आहे हे नीट बघायला हवं.

माउंटची केबल जोडली, पोर्ट दिसतंय, तरी एकॉस म्हणतं ‘परवानगी नाही’. कारण वापरकर्ता डायलआउट या गटात नाही. एक आज्ञा द्यायची, लॉग आउट करून परत यायचं, विषय संपला. उबुंटू २२.०४ मध्ये निराळीच गंमत होती: सीएच-३४० चिपची केबल जोडली की पोर्ट क्षणभर दिसायचं आणि गायब व्हायचं. अंध व्यक्तींच्या ब्रेल पट्टीसाठी असलेली सेवा त्या चिपला आपलंच उपकरण समजून ताब्यात घ्यायची. ब्रेल पट्टी वापरत नसाल तर ती सेवा काढून टाका, पोर्ट जागेवर येतं. डीएसएलआर जोडला की डेस्कटॉप लगेच त्यातले फोटो दाखवायला धावतो, कॅमेरा अडकून पडतो आणि लिनक्सवरून कॅमेरा चालवणारं जीफोटो म्हणतं, उपकरण ताब्यात घेता येत नाही. ते आपोआप उघडणं बंद करावं लागतं.

सगळ्यांत चकवणारा प्रकार मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्यांचा. ४१४४ गुणिले २८२२ पिक्सेल, प्रत्येकाला दोन बाइट, म्हणजे एक चौकट सुमारे २३ एमबी. लिनक्सच्या कर्नलनं यूएसबीवरून अशा वाचनासाठी मूळ मर्यादा ठेवलीय १६ एमबीची. मग चौकट अर्धवट येते किंवा येतच नाही, कॅमेरा खराब निघाला असं वाटून माणूस विक्रेत्याशी भांडत बसतो. ती मर्यादा १६ ची २०० करायची, बूटच्या ओळीत एक शब्द वाढवून. हे कॅमेरा बनवणारे स्वतःच सुचवतात. पण ते त्यांच्या लिनक्सच्या फाइलींत एका कोपऱ्यात लिहिलेलं असतं, खोक्यावर नाही.

या प्रत्येक अडचणीला दहा-पंधरा मिनिटं लागतात आणि ती एकदाच लागतात. मिटवली की मिटली. विंडोजवरच्या अडचणींचा स्वभाव वेगळा आहे, त्या अपडेटबरोबर परत येतात. मध्यरात्री चौकटी चालू असताना आपणहून रीस्टार्ट झालेला लॅपटॉप ज्यानं पाहिलाय त्याला हे वेगळं सांगायला नको.

काही वेळा तर दोष लिनक्सच्या माथी मारला जातो आणि चूक भलत्याचीच असते. गाइडिंगसाठी फार खपलेल्या एका छोट्या यूएसबी २.० कॅमेऱ्याबद्दल अनेक वर्षं बोललं जायचं की तो लिनक्सवर चालत नाही. यूएसबी २.० च्या नियमाप्रमाणे अशा जोडणीत एका पाकिटाची कमाल मर्यादा ५१२ बाइट. त्या कॅमेऱ्याच्या फर्मवेअरनं जाहीर केलं होतं १०२४. विंडोजनं तिकडं काणाडोळा केला, लिनक्सनं नियमावर बोट ठेवलं. पुढं बनवणाऱ्यानंच नियमात बसणारं फर्मवेअर दिलं आणि कॅमेरा चालू लागला. नियम मोडला कॅमेऱ्यानं, बदनाम झालं लिनक्स.

आता तो तयार डबा. झेडडब्ल्यूओ कंपनीचा एएसआयएअर घ्या, फोनवर अ‍ॅप टाका, डोक्याला ताप नाही, असं सांगतात. वापरायला तो सोपा आहे, हे मान्य. पण त्याच्या आत काय आहे? पहिली मॉडेलं सरळ रास्पबेरी पाय या तळहाताएवढ्या संगणकावर बांधलेली होती, आणि आत लिनक्स. म्हणजे ‘लिनक्सवर हे जमत नाही’ म्हणणारा माणूस तुम्हाला लिनक्सच विकतोय, वर कुलूप लावून. कुलूप असं की मुख्य कॅमेरा त्याच कंपनीचा हवा, नाहीतर यादीतला एखादा डीएसएलआर.

आमच्या भागाला हा प्रकार परिचयाचा आहे. अकोल्याहून अकोटपर्यंत ब्रॉडगेज झालं, २०२२ मध्ये गाडीही सुरू झाली. अकोटच्या पुढं हिवरखेडवरून मेळघाटात शिरून खंडव्याला जाणारी जुनी मीटरगेज मात्र बंद पडली, ती पडलीच. रुळांची रुंदी एक मीटर की १६७६ मिलिमीटर, एवढ्या फरकावर आख्खा पट्टा गाडीवाचून राहिला. त्यात ना डब्यांचा दोष, ना प्रवाशांचा. दुसऱ्या कंपनीचा उत्तम कॅमेरा तुमच्या हातात असतो आणि डबा त्याला ओळखत नाही तेव्हा नेमकं हेच घडलेलं असतं.

खर्चाकडं येऊ, कारण गावात शेवटी प्रश्न तिथंच येतो. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० आणि बऱ्यापैकी नवा प्रोसेसर लागतो. घरातला २०१५-१६ चा लॅपटॉप त्यात बसत नाही. ‘विंडोजच वापरा’ या वाक्याचा आजचा अर्थ ‘नवा लॅपटॉप घ्या’ असा होतो, हे सांगणारा कधीच स्पष्ट सांगत नाही. तोच जुना लॅपटॉप लिनक्सवर केस्टार्स चालवायला पुरतो.

विजेचंही तेच. गच्चीवर किंवा शेतात रात्रभर लॅपटॉप चालवायचा तर चार्जरची वायर ओढा आणि लाइट जाणार नाही अशी आशा करा. रास्पबेरी पाय पाच-सात वॉटवर चालतो. बॅटरीवरच्या फवारणी पंपात १२ व्होल्ट, ८ अँपिअर-तासाची बॅटरी असते, कागदोपत्री ९६ वॉट-तास. थंडीच्या दिवसांत पंप कोपऱ्यात पडून असतो. एक छोटा कन्व्हर्टर लावून १२ चे ५ व्होल्ट केले की पाय आणि गाइड कॅमेरा त्यावर मध्यरात्रीच्या पुढं आरामात जातात. माउंटसाठी दुसरी बॅटरी ठेवावी. थंड केलेल्या सेन्सरचा कॅमेरा मात्र तिच्यावर ओढू नये, त्याचा कूलर पूर्ण भरात एकटाच तीन अँपिअरच्या आसपास घेतो, त्याला ट्रॅक्टरची बॅटरी हवी. आणि सुरुवातीला तसला कॅमेरा हवाच कशाला? लग्नाचे फोटो काढणाऱ्यानं बाजूला टाकलेला जुना कॅनन जीफोटोवर चांगला चालतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारीच्या थंड रात्री त्याच्या सेन्सरला मानवतात. मे महिन्यात तो तापतो आणि फोटोत रंगीत कण दिसतात, ते खरं.

शाळांचा विचार करा. अटल टिंकरिंग लॅबमध्ये अर्डुइनोचे बोर्ड असतात आणि पोरं त्यावर दिवे लुकलुकवतात. त्याच बोर्डाला एक स्वस्त स्टेपर मोटर जोडून दुर्बिणीचा फोकसर होतो. मूनलाइट नावाच्या फोकसरची आज्ञावली उघड आहे, बोर्डाला ती बोलायला शिकवली की इंडी त्याला बाजारातल्या फोकसरसारखंच वागवतं. आठवीतल्या मुलीनं केलेलं उपकरण खऱ्या दुर्बिणीवर खऱ्या कामाला लागतं. बंद डब्याला ते जोडून बघा.

विरोधकांचे दोन मुद्दे मात्र मी तसेच्या तसे मान्य करतो. शार्पकॅप आणि निना हे दोन्ही प्रोग्राम उत्तम आहेत आणि दोन्ही फक्त विंडोजवर चालतात. निना तर मुक्त स्रोत असूनही. ग्रहांचे वेगवान व्हिडिओ काढायला लिनक्सवर फायरकॅप्चर आहे, पण शार्पकॅपची सवय लागलेल्याला ते अपुरं वाटेल. दुसरा मुद्दा छोट्या उत्पादकांचा. काही फोकसर, काही पॉवरबॉक्स, ध्रुवतारा साधायचे काही कॅमेरे यांची माहिती बनवणारे बाहेरच देत नाहीत, फक्त विंडोजची फाइल देतात. तिथं लिनक्सवाला काहीही करू शकत नाही. 

पण या दुसऱ्या मुद्द्यातून निष्कर्ष कोणता काढायचा? सल्लागार म्हणतात, संगणक बदला. मी म्हणतो, उपकरण बदला. आपल्या उपकरणाची भाषा जो उत्पादक उघड करत नाही तो आज तुम्हाला लिनक्सवर अडवतोय, उद्या विंडोजच्या पुढच्या आवृत्तीवर अडवेल, आणि त्याचं दुकान बंद झालं की तुमचा फोकसर नुसता धातूचा तुकडा. उघड भाषेच्या उपकरणाला ही भीती नाही. त्याचा ड्रायव्हर कुणीतरी लिहितं, तो सोडून गेला तर दुसरा कुणी चालवतो. शहरात चुकीचं उपकरण घेतलं तर बदलून आणता येतं. हिवरखेडहून ते कुरिअरनं परत पाठवायचं म्हणजे अकोल्याची फेरी आणि महिनाभराची वाट, तोवर पावसाळा येऊन बसतो.

शिबिरं घेणाऱ्या मंडळांकडं एकच मागणी आहे: प्रात्यक्षिकाच्या चार संचांपैकी एक तरी लिनक्सवर लावा आणि मुलांना हाताळू द्या. सल्ला नंतर द्या.

आणि तुम्ही घेणार असाल तर पैसे पाठवण्याआधी विक्रेत्याला तीन प्रश्न लेखी विचारा. इंडीच्या यादीत हे उपकरण आहे का? बनवणाऱ्यानं लिनक्ससाठी, रास्पबेरी पायच्या प्रोसेसरसकट, लायब्ररी दिली आहे का? केबलीत चिप कोणती आहे? उत्तर ‘तुमच्याकडं विंडोज असेलच ना?’ असं आलं, तर ऑर्डर देऊ नका.